गुडघेताईच्या सोबतीला

गुडघेताई हे नाव तिला बिलिंगच्या खोलीत पडलं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानामागे ही खोली होती. टेबलाला टेबल लावून बसायचं, आणि खिडकीतून दिसायची ती उभ्या रुग्णवाहिकांची मागची दारं. वर ऑपरेशन झालं की सर्जन नेमकं काय केलं ते लिहून पाठवत. खाली ते वाचून प्रत्येक कामाला ठरलेला कोड लावायचा आणि फाइल विमा कंपनीकडे धाडायची. कोड चुकला की फाइल परत. कोणाकडे हृदयं होती, कोणाकडे डोळे, कोणाकडे बाळंतपणं. हिच्या वाट्याला गुडघे आले आणि गुडघेच राहिले, तेही दुर्बिणीतून केलेले.

ते काम किचकट. हाडांच्या मध्ये ज्या दोन गाद्या असतात, त्यातली आतल्या बाजूची कापली की बाहेरच्या बाजूची, की दोन्ही. कापली की शिवली. डावा गुडघा की उजवा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. दुर्बीण घालून नुसतं पाहिलं तर त्यालाही कोड होता, पण पाहता पाहता काही कापलं-शिवलं तर पाहणं त्यातच धरायचं. "डोकावण्याचं वेगळं बिल लागत नाही," असं ती नव्या मुलींना शिकवायची, आणि मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या. तिलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती दर वेळी तेच वाक्य वापरायची.

तिला सगळ्यात आवडायचं ते कागदाचं पहिलं कलम. दुखापत झाली कशी. त्यालाही कोड लावावा लागे, त्यामुळे ते नीट वाचणं हे तिचं कामच होतं. कोणी टपाल वाटताना पायरी चुकलेला, कोणी स्वतःच्या लग्नात नाचलेला, कोणी कुत्र्याला आंघोळ घालताना घसरलेली. माणसं कधी दिसायची नाहीत. फक्त पडलेली दिसायची.

पुढे हॉस्पिटलला ती खोली दुसऱ्या कशाला तरी हवी झाली आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. बाकीच्यांनी आनंदाने पिशव्या भरल्या. गुडघेताईनेही भरली. तिचं घर म्हणजे सायकलींच्या दुकानावरचा तिसरा मजला, दोन खोल्या. तेव्हा आई होती. आई पलंगावर पडून असायची आणि लेक कॉम्प्युटरशी. "आज किती मोडले गं?" असं आई विचारायची, आणि लेक म्हणायची, "मोडत नाहीत आई, फाटतात."

मग आई गेली.

तिला एक मोठा भाऊ होता, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दादा आणि वहिनी आले. घरात माणसं बसली होती, आणि वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वन्संनी आईंना आमच्याकडे कधी येऊच दिलं नाही." गुडघेताई म्हणाली, "तुम्ही कधी बोलावलंत?" दोघींनीही आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. दादा दाराशी उभा होता. तो बोलका माणूस, पण त्या दिवशी त्याला कोणाची बाजू घ्यावी ते कळलं नाही, आणि त्याने चपला घातल्या. त्यानंतर येणंजाणं संपलं. फोन होता तोही तुटला.

काही काळाने आतेबहिणीकडून कळलं की दादाला झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ती गेली पाहायला. वॉर्डात पलंगाच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला ही. दादा दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. वहिनींनी चहाचा कप पुढे केला, हिने घेतला. एवढंच. संध्याकाळच्या बसने ती परत आली.

त्यानंतरचं तिचं आयुष्य सांगण्यासारखं फारसं नाही, आणि तेच सांगायला हवं. सकाळी उठून चहा, मग गुडघे, मग उभ्याने जेवण, मग गुडघे. दुपारी विमा कंपनीतून फोन आला की पहिला शब्द घशात अडकायचा, कारण दिवसभरात आवाज वापरलाच नसे. समोरच्याला वाटायचं बाई आजारी आहेत. "नाही, बरी आहे, बोला," असं म्हणताना ती हळूच खाकरून घ्यायची. पुढे पुढे तिने सकाळी एकदा मोठ्याने काहीतरी बोलून घ्यायची सवय लावली. बहुतेक वेळा ती कॅलेंडरवरचा वार वाचायची.

एका रविवारी ती पलंगाखालची ट्रंक ओढायला उकिडवी बसली. उठताना डाव्या गुडघ्यात खट्ट झालं आणि पाय अडकला. दुमडला तसाच राहिला. सरळ होईना, पूर्ण वाकेना. तिला लगेच कळलं. गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात जाऊन बसलाय, दाराच्या फटीत चप्पल अडकावी तसा. हे वाक्य तिने कितीदा तरी वाचलं होतं. त्यात इतकं दुखतं हे कोणी लिहिलेलं नव्हतं.

फोन बाहेरच्या खोलीत होता. ती फरशीवर आडवी झाली आणि हाक कोणाला मारावी याचा विचार करू लागली. खालचा सायकलवाला रविवारी दुकान उघडत नसे. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यांची नावं तिला माहीत नव्हती. हाक मारायलाही नाव लागतं. शेवटी तिने हाक मारलीच नाही. पाय इकडे तिकडे हळूहळू फिरवत राहिली, आणि पुष्कळ वेळाने आतलं काहीतरी सटकून पाय अर्धवट मोकळा झाला. मग तिथेच बसून ती रडली. दुखणं तोवर कमी झालं होतं.

सर्जन तिच्याच हॉस्पिटलचे. गेली कित्येक वर्षं ती त्यांचं लिखाण वाचत होती. स्वल्पविराम ते देत नसत आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असे, 'रुग्णाने शस्त्रक्रिया उत्तम सहन केली.' समोर पाहिले तर ते बुटके होते. ती त्यांना मनात उंच धरून बसली होती.

"काय करता आपण?" त्यांनी गुडघा दाबत विचारलं.

"इथल्याच बिलिंगला आहे. घरून."

"अरे वा, मग आपल्याच घरच्या," ते म्हणाले आणि पुढचा फोटो उजेडात धरला. त्यांनी सांगितलं तेच तिला वाटलं होतं. दुर्बिणीतून करायचं, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी.

भरतीच्या टेबलावरच्या नर्सने कागद पुढे ओढला. "घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

एकटं राहण्यालाही एक कोड आहे, हे तिला माहीत होतं. तिने तो फारसा कधी लावला नव्हता, कारण सर्जन तसं लिहीत नसत, आणि जे लिहिलेलं नाही ते लावायचं नाही हा त्यांच्या कामातला पहिला धडा. नर्सने तरी ते लिहिलं का, हे पाहायला ती नकळत पुढे वाकली. नर्सने कागद किंचित आपल्याकडे ओढला.

"ऑपरेशननंतर न्यायला आणि पहिली रात्र सोबत राहायला मोठं माणूस लागेल. नाहीतर सोडत नाहीत. कोण येईल?"

"भाची येईल," गुडघेताई म्हणाली.

दादाची मुलगी तिची भाची, हे खरंच होतं. फक्त ती शिकायला परदेशी गेली होती आणि तिकडेच नोकरीला लागली होती. गुडघेताईने ठरवलं होतं की एकदा का ऑपरेशन झालं की कोण काय हाकलून देणार आहे? टॅक्सी करू, पहारेकऱ्याला दारापर्यंत हात धरायला सांगू.

ठरल्या दिवशी तिला मागे बंद बांधायचा झगा घातला, डाव्या गुडघ्यावर शाईने बाण काढला आणि पडद्याआड झोपवलं. बाण बरोबर पायावर आहे हे तिने दोनदा तपासलं. मग तीच नर्स आली.

"ताई, भाचीबाई कुठायत? भूलतज्ज्ञ सही मागताहेत."

"येईल. वाटेत असेल."

नर्स गेली, परत आली. पडदा सारून तिने खुर्ची ओढली आणि बसली. "ताई, नंबर द्या तिचा, मी बोलते."

गुडघेताईने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोणी येणार नाही."

नर्स काही रागावली नाही, आणि तेच अवघड झालं. "मला आधी सांगायचं ना. नियम आहे हो, मी तरी काय करू? रात्री चक्कर येऊन पडलात तर?" तिने सलाईनसाठी हातात टोचून ठेवलेली सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि रक्त थांबेपर्यंत तशीच धरून बसली. कितीतरी दिवसांत गुडघेताईचा हात कोणी एवढा वेळ धरला नव्हता. मग ती उठली, साडी नेसली आणि लंगडत घरी आली. गुडघ्यावरचा बाण घासूनही पुरता गेला नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"वन्सं?" वहिनींचा आवाज. "आमची मुलगी सातासमुद्रापार बसलीय आणि तुम्ही तिला इथे दवाखान्यात उभी केलीत?"

गुडघेताईला मग उलगडा झाला. आई तिथे भरती होती तेव्हापासून हॉस्पिटलच्या नोंदीत दादाचा नंबर होता. सकाळी भाचीची वाट पाहून कोणीतरी त्या नंबरवर चौकशी केली होती.

"गैरसमज झाला थोडा," ती म्हणाली.

"थोडा? मला ती बाई विचारते, निघालात का? मी म्हटलं, कुठे? बरं, मी येऊ का?"

"नको, नको. काही गरज नाही. होईल माझं."

"तुमची मर्जी," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. पहिलीच फाइल एका शाळामास्तरांची होती, फळ्यावर उंच लिहिताना स्टुलावरून पडलेले. ती तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. 'पत्नीने तातडीने आणले.' कामाच्या दृष्टीने त्या ओळीला काही अर्थ नव्हता. तिला कोड नव्हता. दुपार उलटल्यावर तिने फोन उचलला.

"वहिनी, या."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "यांच्याजवळ माझा भाऊ येऊन राहील. तारीख घ्या आणि सांगा."

वहिनी आल्या त्या एक पिशवी आणि एक उशी घेऊन. उशी कशाला, असं विचारल्यावर म्हणाल्या, "मला परक्याच्या उशीवर झोप लागत नाही." परक्याच्या हा शब्द दोघींनीही ऐकला आणि सोडून दिला. हॉस्पिटलात त्या नर्सला म्हणाल्या, "मी भाची. जरा वय झालंय." नर्स तोंड फिरवून हसली.

कमरेखाली बधिर करून ऑपरेशन होतं. गुडघेताई जागी होती. सर्जन म्हणाले, "बघायचंय?" आणि दुर्बिणीतलं दाखवणारा पडदा तिच्याकडे वळवून दिला.

तिने तोवर एकही गुडघा आतून पाहिला नव्हता. वाचून वाचून तिने मनाशी चित्र केलं होतं. गुडघ्याचे तीन कप्पे असतात असं कागदावर यायचं, म्हणून तिला ते बैठ्या खोल्यांसारखे वाटायचे, भिंती असलेले, थोडे अंधारे. पडद्यावर दिसलं ते सगळं पाण्यात होतं आणि उजेडात. पांढरं, गुळगुळीत, आणि कडेने धाग्यांसारखं काहीतरी हलकेच डोलत होतं. आतल्या बाजूला गादीचा तुकडा फाटून उलटा पडलेला होता. इतकी वर्षं ती याच जागेबद्दल लोकांशी फोनवर भांडत होती. हे कोणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं, पण आजूबाजूचे सगळे कामात होते.

तुकडा कापून बाहेर काढला. सर्जन कोणाला तरी मजकूर सांगू लागले आणि शेवटी ते वाक्य आलंच, स्वल्पविरामाशिवाय. रुग्णाने शस्त्रक्रिया उत्तम सहन केली. तिला वाटलं, निदान या वेळी तरी ते खरं आहे.

घरी जिने चढताना वहिनी एक पायरी खाली राहून, हिच्या पाठीला हात लावून चढल्या. दर मजल्यावर थांबून म्हणाल्या, "एवढ्या वर राहायला तुम्ही काय कबूतर आहात?" घरात येऊन त्यांनी डबे उघडले आणि एकेका डब्यात डोकावून तोंड वाकडं केलं. भात टाकला, सूप केलं. पहिला घास खाऊन गुडघेताईला जाणवलं की आपण बसून जेवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात तिचा तोल गेला. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि हाक मारायला तोंड उघडलं, तोच वहिनी दारात.

"हात दे इकडे. दुसरा. आता माझ्या मानेला धर. लाजू नकोस, तुझ्या दादाचं सगळं मीच करते."

दे, धर, तुझ्या. वहिनी लग्न होऊन आल्यापासून कधी एकेरीवर आल्या नव्हत्या. दोघी पलंगापर्यंत आल्या आणि वहिनींनी तिचे केस पुसायला घेतले. मागे बसल्यामुळे एकमेकींची तोंडं दिसत नव्हती, म्हणून असेल, त्या बोलू लागल्या.

"दिवसभर मी बोलते आणि मीच उत्तर देते. भाजी काय करू? कर काहीही. कपडे वाळले असतील का? असतील. एकदा दारावर पोस्टमन आला तर मी त्यालाही दोन्हीकडचं बोलून दाखवलं. बिचारा पळाला." त्यांनी टॉवेल झटकला. "हे ऐकतात, असं डॉक्टर म्हणतात. ऐकतातही. पण किती ऐकतील माझंच?"

गुडघेताई म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले ते खोटं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "पण त्या दिवशी म्हणायचं नव्हतं."

"खोटं नव्हतंच. आईला मी पाठवलं नसतं. तुम्ही बोलावलं असतंत तरी नसतं. ती गेली असती तर मी या घरात काय केलं असतं?"

वहिनींचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "आता काय करतेस?"

"गुडघे."

वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, "सांग तरी काय असतं त्या गुडघ्यात." आणि गुडघेताईने सांगितलं. तीन कप्पे, पाणी, उजेड, डोलणारे धागे. आईला कधी इतकं सांगितलं नव्हतं. वहिनी मधेमधे "हो?" म्हणत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "हे यांना आवडलं असतं. घड्याळं उघडून बसायचे ना."

वहिनी गेल्या त्या दिवशी घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं झालं. टॉवेल त्यांच्या घडीने घडी केलेले होते, मीठ दुसऱ्याच फळीवर होतं. गुडघेताई ते परत जागेवर ठेवायला उठली आणि ठेवलं नाही. काही दिवस मीठ शोधताना तिचा हात आधी जुन्याच जागी जायचा.

ठरल्यासारखं काही नव्हतं, पण आठवड्याने वहिनींचा फोन आला. पाय कसा, टाके काढले का, हे झाल्यावर त्या म्हणाल्या, "थांब, यांच्या कानाशी धरते. बोल."

"काय बोलू?"

"मला विचारतेस? काहीही."

मग पलीकडे कोणीच बोललं नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता, जरा घोगरा. गुडघेताई फोन धरून उभी राहिली. आई गेल्यापासून ती दादाशी बोललीच नव्हती, आणि आता बोलायचं तर त्याच्याकडून हूं की चूं येणार नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "मी माझा गुडघा आतून पाहिला."

ते सांगून झालं. मग काय सांगायचं ते उरलं नाही, म्हणून तिने त्या दिवशी आलेला गुडघा सांगितला. नाव नाही, गाव नाही. एक म्हातारे सुतार, नातीला पाठीवर घेऊन घोडा घोडा करत होते, नात चिमुरडी, पण आजोबा ऐंशीकडे झुकलेले. घोडा बसला तो उठेना. श्वास तसाच चालू होता. मग वहिनींनी फोन घेतला.

"हसले," वहिनी म्हणाल्या.

"खरंच?"

"डाव्या बाजूने."

वहिनी तिचं मन राखायला तसं म्हणत असतील, असं तिला वाटलं. विचारून खात्री करता आली असती. तिने विचारलं नाही.

त्यानंतर कामाचा दिवस संपला की ती फोन लावू लागली. फाइल वाचताना पहिलं कलम आता ती जरा जास्त वेळ वाचते. मागे एकदा ती बसने त्यांच्याकडे जाऊनही आली. दादाच्या पलंगाशी बसली, पण समोरासमोर तिला बोलता येईना. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि ती त्याच्या चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. वहिनी म्हणाल्या, "फोनवर तर पोपटासारखी बोलतेस." राहा इथेच, असंही एकदा म्हणाल्या. ती "बघू" म्हणाली. अजून बघतेच आहे. स्वतःच्या दोन खोल्यांची, तिथल्या शांततेची तिला इतकी सवय झाली आहे की ती मोडायची तिला भीती वाटते, आणि न मोडण्याचीही.

कधी कधी वहिनी दादाच्या उशीशी फोन ठेवून दुसऱ्या कामाला लागतात आणि विसरून जातात. इकडे गुडघेताईचं सांगणं संपलेलं असतं. ती फोन कापत नाही. टेबलावर ठेवते, आवाज मोठा करते आणि उरलेली एखादी फाइल उघडते. कीबोर्डच्या कळा वाजत राहतात. पलीकडून श्वास येत राहतो. मधेच ती एखादी ओळ मोठ्याने वाचते आणि थोडं थांबते, मग पुढे जाते.